फोटोत रेघा वाकड्या येतात

४ फेब्रुवारी

खारूताई,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण चौतीस वर्षं पंपघरात काढल्यावर माझ्या कानात ते चार पंप अजून चालूच आहेत. फोनवर तुझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. मागच्या वेळी तू ‘पगार वाढला’ म्हणालीस आणि मी तुझ्या मामीला सांगितलं, पोरीचं पडसं वाढलंय. तिने काढ्याची कृती लिहायला घेतली होती.

तर काम असं आहे की मला कॅमेरा घ्यायचा आहे. मामीच्या शिवणाच्या दुकानात, म्हणजे आपल्या पुढच्या खोलीत, नवीन गिऱ्हाईक आलं की म्हणतं, तुम्ही शिवलेलं काहीतरी दाखवा. दाखवणार काय? शिवलेलं तर ज्याचं तो घेऊन गेलेला असतो. म्हणून मी ठरवलंय की प्रत्येक कपडा दाराबाहेर जाण्याआधी पुतळ्याला घालायचा, फोटो काढायचा, आणि जाडजूड अल्बम करून तिच्या कापायच्या टेबलावर ठेवायचा. निवृत्त माणसाला घरात जागा मिळवायची तर काहीतरी खातं हातात हवं, हेही खरं.

दुकानात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी विचारलं, मिररलेस हवा की डीएसएलआर? मी म्हटलं, फोटो निघणारा हवा. मग त्या चोवीस मेगापिक्सलबद्दल बोलायला लागल्या. मी विचारलं, त्याहून कमी असले तर कपडा फोटोत उसवलेला दिसतो का. त्या हसल्या नाहीत. मी माहितीपत्रकं घेऊन घरी आलो. तीन वेळा वाचली आणि आधी जे कळत होतं तेही गेलं.

तू दिवसभर फर्निचरचे फोटो काढतेस, संगणकावर साफसूफ करतेस. तूच सांग, काय घेऊ?

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

पडसं नव्हतं. पगारच होता.

माहितीपत्रकं रद्दीत टाक. तुझा पुतळा पळत नाही, उडत नाही, अंधारात नाचत नाही. त्यामुळे त्यातल्या निम्म्या गोष्टी तुझ्या कामाच्याच नाहीत. लेन्स बदलता येणारा एक साधा कॅमेरा घे, वापरलेला चालेल, त्याच्यासोबत येते तीच छोटी लेन्स पुरे. मेगापिक्सल कितीही असू देत, अल्बमच्या पानाला पुरून उरतील. त्यापेक्षा एक बऱ्यापैकी तिपाई घे, कारण तुझा हात हलतो हे मला माहीत आहे. माझ्या शाळेच्या सगळ्या फोटोंत मला दोन नाकं आहेत.

पुतळा खिडकीच्या बाजूला ठेव, खिडकीसमोर नको. दिवा बंद कर, नाहीतर अर्धा कपडा पिवळा आणि अर्धा निळा येईल. मागे मामीच्या चिंध्यांचं गाठोडं दिसू देऊ नकोस.

संगणकावर सध्या तीनच गोष्टी करायच्या: कडा कापणं, उजेड कमीजास्त करणं, तिरका फोटो सरळ करणं. बाकी बटणांना हात लावू नकोस. मी तुला ओळखते, तू लावशील.

तुझी खारूताई


२६ फेब्रुवारी

खारूताई,

कॅमेरा आला. तुझ्या सांगण्याप्रमाणे वापरलेला घेतला. आधीच्या मालकाने त्यात एका मांजराचे दोनशे फोटो तसेच ठेवले होते. पुसायला जिवावर आलं.

दिवा बंद, खिडकी बाजूला, गाठोडं पलंगाखाली. पहिला फोटो एका लांब स्कर्टचा काढला, उभ्या पट्ट्यांचा. मला तर झकास वाटला. मामीला छापून दाखवला. तिने तो हातात धरला, लांब नेला, जवळ आणला आणि म्हणाली, “पट्टे वाकडे आलेत.”

मी म्हटलं, कुठे? “हे काय, मधोमध. आणि मागची दाराची चौकट पण लचकलीये.”

मला तर सरळ दिसतात. पण माझ्या बघण्याला कोण विचारतं? तिची नजर तुला माहीत आहे. आमच्या पंपघराची नवी शेड झाली तेव्हा ती मला डबा द्यायला आली होती. दारातूनच म्हणाली की तो कोपऱ्यातला खांब बोटभर कललाय. इंजिनिअर साहेब हसले, मग ओळंबा लावला आणि हसायचे थांबले. ती वाकडं म्हणते म्हणजे ते वाकडंच.

तेव्हा कॅमेरा बिघडलेला असणार. की लेन्स? की मी? मांजरवाल्याने खराब माल गळ्यात मारला का?

मामा


४ मार्च

मामा,

मांजरवाल्याला शिव्या देऊ नकोस. मामी बरोबर बोलतेय. स्वस्त लेन्स अगदी जवळून आणि पूर्ण मागे ओढून वापरली की सरळ रेघा पिंपासारख्या फुगतात. आमच्याकडे कपाटं अशी फुगली की गिऱ्हाईक परत पाठवतं. बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मामीच्या आलं, यात मला नवल वाटलं नाही.

उपाय सोपा आहे. लेन्सच्या कड्यावर १८ ते ५५ असे आकडे असतील. तू नक्कीच १८ वर ठेवून पुतळ्याच्या नाकाशी उभा राहतोस. कडं ५० वर ने आणि तू स्वतः मागे जा, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तरी उरलं तर फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये ‘लेन्सचा दोष’ असं एक खातं असेल. त्यातली खूण हळूहळू सरकव आणि चौकट सरळ झाली की थांब.

मामीला सांग, आमच्या स्टुडिओत अशी नजर असलेलं एकही माणूस नाही.

खारूताई


१९ मार्च

खारूताई,

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून काढले. पाठ ओट्याला टेकली, इतका मागे गेलो. कडं ५० वर. खूण सरकवली, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग जिथे होती तिथे. मामीचं एकच पालुपद: “अजून वाकडं आहे.”

मी आता फार गोंधळलोय. छपाई वाकडी असेल म्हणून टीव्हीवर लावून दाखवला, तरी वाकडा. टीव्ही वाकडा असेल म्हणून शेजारच्या घड्याळजींकडे घेऊन गेलो. ते म्हणाले सरळ आहे. मामी म्हणाली, “ते दिवसभर गोल वस्तू बघतात, त्यांना काय कळतंय.”

आणि आता ती फोटो बघताना एक डोळा मिटून बघते, कॅमेरावाले बघतात तशी. मला वाटतं माझी नक्कल करते. मीही हसून सोडून दिलं.

तशी ती हल्ली जरा चिडचिडीच झाली आहे. एका शिक्षिकाबाईंनी कोट परत आणला, म्हणाल्या खालची दुमड एका बाजूला खाली उतरलीये. तिच्या हातून? मामी म्हणाली, बाई चालतेच तिरकी. बाई गेल्यावर मात्र तो कोट तिने सगळा उसवला. सुईत दोरा ओवायला मला हाक मारते, त्यात काही नवल नाही, या वयात सगळ्याच मारतात.

सोबत एक फोटो पाठवतोय. जिथे वाकडं दिसतं तिथे तिने पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. तू तुझ्या मोठ्या यंत्रावर तपास आणि काय ते एकदाचं सांग.

मामा


२५ मार्च

मामा,

तपासलं. मोठ्या यंत्राची गरज पडली नाही, लाकडी पट्टी लावली. पट्टे सरळ आहेत, चौकट सरळ आहे, खुणा केल्यात तिथेही सरळ आहे. केसाचाही फरक नाही.

मला राग येत नाहीये, पण आमच्याकडे एका जेवणाच्या टेबलाचे चाळीस फोटो परवापर्यंत द्यायचे आहेत, आणि सरळ रेघ अजून सरळ कशी करायची हे मला शिकवलेलं नाही. मामीला प्रेमाने सांग की फोटो चांगला आहे, आणि पुढचा कपडा घे. रंग मात्र जरा कमी कर, तो स्कर्ट इतका लाल नसणार. नव्या माणसाला वाटतं रंग वाढवला की फोटो सुधारला. तसं नसतं.

विश्वास नसेल तर तिच्याच हातात पट्टी दे.

खारूताई


५ एप्रिल

खारूताई,

पट्टी दिली. तिने ती टेबलाखालच्या खणात ठेवून दिली आणि म्हणाली, “चाळीस वर्षं शिवतेय, मला पट्टी दाखवतेस का म्हणावं.” दोन दिवस अबोला. तुझ्याशी नाही, माझ्याशी.

मला ते सहन होईना. अल्बम तिच्यासाठी, आणि तिलाच एक फोटो पसंत पडू नये? मग मी तू सांगितलेली चौथी गोष्ट केली, म्हणजे जिला हात लावू नकोस म्हणाली होतीस ती. त्या प्रोग्रॅममध्ये एक हत्यार सापडलं. त्याने फोटोतला कुठलाही भाग ओल्या मातीसारखा ढकलता येतो. मामीला शेजारी बसवलं. ती म्हणाली पट्टा इथे आत गेलाय, की मी तो बाहेर ढकलायचा. ती म्हणाली इथे वर चढलाय, की मी खाली ओढायचा. तासभर हेच चाललं. शेवटी तिने मान हलवली आणि म्हणाली, “हां, आता बरोबर.”

मला काय आनंद झाला सांगू. पण खारूताई, आता मला तो फोटो वाकडा दिसतो. साफ वाकडा, स्कर्टच्या पोटात नारळ ठेवल्यासारखा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष माझ्याच डोळ्यांत असणार, आणि पहिल्यापासून असणार. दुसऱ्याच दिवशी जाऊन डोळे तपासून आलो. चष्मेवाले म्हणाले, आहे तो नंबर उत्तम आहे, उगाच नवा चष्मा कशाला करता.

मग आता खरं कोण? तो फोटो सोबत जोडलाय. मागे ‘मामीची पसंती’ असं लिहिलंय.

मामा


९ एप्रिल

मामा,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळेल. पूर्ण वाच आणि मग लगेच मामीला घेऊन बाहेर पड.

तुझा फोटो वाकडाच आहे. तुझे डोळे ठीक आहेत. पाकीट उघडलं तेव्हा आधी मला हसू आलं. टेबलावर ठेवून मी कामाला लागले, आणि जाता येता तो दिसत राहिला. हा वेडावाकडा स्कर्ट कुणालातरी सरळ दिसलाय, हे मी तासाभराने नीट वाचलं. तेही मामीला. मग तिच्या खुणांचा आधीचा फोटो शोधून काढला. सगळ्या खुणा मधोमध, ती जिथे रोखून बघत असेल तिथेच. लेन्स कधी मधोमध वाकवत नाही, कडांना वाकवते. हे मला माहीत आहे, मामा. रोज मी हेच काम करते. तरी तीन पत्रं मी तुला फोटो काढायलाच शिकवत बसले.

दोन्ही फोटो घेऊन आमच्या इमारतीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, “या एक डोळा मिटून बघतात का?” मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुजला की सरळ रेघ वाकडी दिसते. चष्म्याने जात नाही. कधीकधी इंजेक्शनने थांबवता येतं, पण त्यात एकेक दिवस मोजावा लागतो.

मी दुपारी फोन केला होता. मामीने उचलला, म्हणाली, “तुला आणि तुझ्या मामाला दुसरे उद्योग नाहीत,” आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून दिला. गिऱ्हाईक आलं होतं का?

सोबत एक कागद आहे. त्यावर मी पट्टीने चौकटी आखल्या आहेत, मध्ये एक ठिपका आहे. हा कुठल्याही कॅमेऱ्याने काढलेला नाही. मामीला चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, त्या ठिपक्याकडे बघायला सांग. तिने ठीक आहे म्हटलं तरी डॉक्टरकडे ने. मला शनिवारशिवाय निघता येत नाही. माझी वाट बघू नकोस.

खारूताई


२ मे

खारूताई,

तू गेल्यापासून घर पुन्हा शांत झालंय. परवा तिसरं… नाही, चुकलो, दुसरं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर मीच डॉक्टरांना दोनदा विचारलं, दुसरा उपाय नाही का. ती म्हणाली, “आयुष्यभर सुईशीच गाठ आहे.” बाहेर आल्यावर मात्र माझा हात सोडला नाही, रिक्षात बसेपर्यंत.

तू होतीस तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं तेच आताही सांगतात. उजव्या डोळ्याचं मधलं गेलं ते गेलं. डावा वेळेत सापडला, तिथली सूज उतरतेय. कागदावरच्या रेघा डाव्या डोळ्याला आता बऱ्याच सरळ दिसतात म्हणते. मी रोज सकाळी कागद धरतो, ती सांगते, मी वहीत लिहितो. पंपघरात दाब लिहायचो तसं.

तुला एक सांगतो, मला त्या कॅमेऱ्याचा अभिमान वाटतो. फोटो काढायला घेतले नसते तर कळलंच नसतं. आणि ते ढकलायचं हत्यार, ज्याला तू नको म्हणालीस, त्यानेच तर उलगडा झाला. डॉक्टरांनाही तो फोटो दाखवला. ते म्हणाले, असं कधी पाहिलं नव्हतं.

फक्त एक कळत नाही. मी सारखा तिच्या शेजारी होतो. दोरा मीच ओवत होतो. मला का दिसलं नाही?

मामा


८ मे

मामी,

हे पत्र मामाला वाचायला लावू नकोस. म्हणून मोठ्या जाड अक्षरात लिहितेय. जमेल तसं, डाव्या डोळ्याने वाच.

मला झोप लागत नाही, कारण मी हिशोब करत बसते की मार्चमधल्या त्या पत्रात ‘मामी बरोबर बोलतेय’ म्हणण्याऐवजी ‘मामीला विचार’ म्हटलं असतं तर काय झालं असतं. तुझ्या नजरेवर माझा इतका विश्वास होता की मी तुझ्याकडे बघितलंच नाही.

तुला कधीपासून कळत होतं? आणि त्या फोटोत तुला खरंच सरळ दिसलं होतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नजर जरा हलली तरी वाकडेपणा हलतो, त्यामुळे ढकलून सरळ करता येणं कठीण आहे. तेव्हापासून माझं डोकं चालत नाही.

खारूताई


२१ मे

खारूताई,

नमुने कापायच्या कागदावर लिहितेय, ओळी खाली उतरल्या तर उतरू देत. दोन दिवस लागले.

हिशोब बंद कर. मला कॅमेरा यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. उजव्या डोळ्यासमोर, बरोबर मध्ये, कुणीतरी बोट टेकवून डाग पाडावा तसं होतं. बघावं तिथे तो डाग पुढे. मी डाव्या डोळ्याच्या भरवशावर शिवत राहिले. डॉक्टर म्हणतील शिवण बंद करा, ही एकच भीती होती. बाकी काही नाही. शिवण बंद म्हणजे मग मी दिवसभर कोण, ते मला सांगता येईना.

मग डाव्यालाही रेघ हलायला लागली, आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा घरात आला. फोटो हातात घेतला आणि पट्टे वाकडे दिसले. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, ही तर कॅमेऱ्याची चूक. महिनाभर मी ते धरून बसले. ह्यांना अजून मागे जा म्हटलं, टीव्हीवर लावा म्हटलं. घड्याळजींना नावं ठेवली. तू पट्टी लावलीस तेव्हा मला तुझा राग आला, कारण आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. तू फोन केलास त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.

आणि तो फोटो. नाही, सरळ दिसला नव्हता. तासभर तुझे मामा माझ्यासाठी ढकलत होते, ओढत होते, कपाळाला घाम आला होता. मला दया आली आणि मी मान हलवली. वाकडा होता तसाच वाकडा दिसत होता, फक्त वेगळ्या बाजूने. तुम्ही दोघांनी त्यावरून ओळखलं, डॉक्टरांनी वाखाणलं, मी गप्प राहिले. मी खोटं बोलले, आणि त्याच खोट्याने माझा डोळा वाचला. याचं काय करायचं ते मलाही कळत नाही. ह्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतं कॅमेऱ्याने वाचवलं. वाटू दे.

ते विचारतात, मला का दिसलं नाही. दिसू नये म्हणून मी फार मेहनत घेतली होती. हे मी त्यांना एक दिवस सांगणार आहे.

शिवण चालू आहे. पट्ट्यांचं कापड घेत नाही. साधं घेते, जाड खडूने आखते, दुमड बोटाने मोजते. शिक्षिकाबाईंचा कोट नीट करून दिला, आणि तुम्ही तिरक्या चालत नाही हेही सांगितलं.

आता खरं बोलायचंच ठरवलंय तर अजून एक. मार्चमध्ये तू तुझा एक फोटो पाठवला होतास, नव्या घरातला. मी फोनवर छान आहे म्हटलं होतं. मला त्यात मध्ये करडा डाग आणि कडेला थोडा पडदा दिसला होता, तू दिसली नव्हतीस. फोटो अजून माझ्या खणात आहे. परत पाठवू नकोस, मोठा करून पाठवू नकोस. त्यात काय काय आहे ते मला लिहून कळव. तू कुठे उभी आहेस, काय घातलंयस, हसतेयस का. सावकाश लिही, मला वाचायला वेळ लागतो.

मामी